कब्सचे १६२ सामने: बेसबॉलच्या चाहत्यासाठी हंगामाचा हिशोब

२०२३ साली शिकागो कब्स ८३ सामने जिंकले, ७९ हरले आणि प्लेऑफच्या दारातून परत फिरले. त्या हंगामाचा विषय निघाला की चाहते अजूनही एकाच क्षणाबद्दल बोलतात: २६ सप्टेंबर, अटलांटा, आठवी इनिंग, दोन आउट, कब्स एका रनने पुढे आणि राइट फील्डमध्ये सेइया सुझुकीच्या हातून सुटलेला झेल. ६-० अशी आघाडी घेतलेला सामना ७-६ असा हातचा गेला. झेल सुटला हे खरं, पण हंगाम तिथे गेला नव्हता. नॅशनल लीगमधली प्लेऑफची शेवटची जागा ८४ विजयांवर अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सना मिळाली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कब्स अ‍ॅरिझोनाशी सात सामने खेळून त्यातले सहा हरले होते. ज्याच्याशी एकाच जागेसाठी झुंज चालू आहे त्याच्याकडून झालेली हार दुप्पट महाग पडते, कारण आपला पराभव आणि त्याचा विजय एकाच दिवशी वाढतो. ती अ‍ॅरिझोना पुढे वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत गेली.

शिकागोच्या आसपास, नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या गावांत राहणारी मराठी माणसं असोत की भारतात पहाटे उठून मोबाइलवर कब्सचा सामना लावणारी, आजच्या निकालाचं वजन नेमकं किती हे कळलं तरच या टीमच्या मागे सहा महिने टिकून राहता येतं. आउट, इनिंग, होम रन एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जाऊ.

सामना नाही, सिरीज मोजा

आयपीएलमध्ये एक टीम साखळीत १४ सामने खेळते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ सामने होतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. २०१६ च्या ज्या कब्सनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, त्यांनीसुद्धा १०३ विजयांसोबत ५८ पराभव घेतले (एक सामना बरोबरीत सुटला). उलट २०१२ ची टीम १०१ सामने हरली, तरी ६१ जिंकली. फ्रँचायझीच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट टीम घेतली, तरी दोघींमधला फरक दर चार सामन्यांमागे साधारण एका विजयाचा येतो. एका संध्याकाळच्या निकालावरून टीम कशी आहे ते कळत नाही, याचं कारण हेच.

सामने बहुतेक तीन-तीनच्या सिरीजमध्ये होतात, कधी चार, कधी दोन. मोजायचं माप ही सिरीज आहे. घरच्या मैदानावर तीनपैकी दोन जिंकायचे आणि बाहेर निम्मे, असा जुना हिशोब आहे. घरच्या ८१ पैकी ५४ आणि बाहेरच्या ८१ पैकी ४० धरले तर ९४ विजय होतात आणि एवढ्यात प्लेऑफ जवळजवळ नक्की असते. मंगळवारी १२-२ ने धुव्वा उडाला आणि सोमवारी-बुधवारी एकेका रनने जिंकलात, तर तो आठवडा चांगला गेला. तिन्ही सामने हरलात तर मात्र लक्ष द्यायला हवं.

तक्ता वाचताना

मेजर लीगमध्ये लीग दोन, नॅशनल आणि अमेरिकन, प्रत्येकीत १५ टीम, प्रत्येकीचे तीन डिव्हिजन, म्हणजे पाच-पाच टीमचे गट. कब्स नॅशनल लीगच्या सेंट्रल डिव्हिजनमध्ये मिलवॉकी ब्रुअर्स, सेंट लुइस कार्डिनल्स, सिनसिनाटी रेड्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स यांच्यासोबत असतात. २०२३ पासून या चौघांशी प्रत्येकी १३ म्हणजे ५२ सामने होतात आणि उरलेले बाकीच्या सगळ्या टीमशी. डिव्हिजनमधली सिरीज आली की बाकीची कामं बाजूला ठेवावीत.

तक्त्यात आघाडीवरच्या टीमपेक्षा आपण किती मागे, हे ‘गेम्स बिहाइंड’ या रकान्यात असतं. ते काढायला विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करून दोनने भागायचं. २०२५ मध्ये मिलवॉकी ९७-६५ वर होती आणि कब्स ९२-७० वर. विजयांत ५, पराभवांत ५, बेरीज १०, म्हणजे कब्स पाच सामने मागे. हंगामाच्या मध्यावर दोघांचे खेळून झालेले सामने सारखे नसतात, त्यामुळे साडेतीन, साडेचार असे आकडे दिसतात. अशा वेळी पराभवांचा रकाना जास्त खरं सांगतो. न खेळलेला सामना अजून जिंकता येतो, हरलेला परत मिळत नाही.

सप्टेंबरमध्ये ‘मॅजिक नंबर’ची चर्चा सुरू होते. १६३ मधून आघाडीच्या टीमचे विजय आणि दुसऱ्या टीमचे पराभव वजा करायचे. पहिल्याचे विजय ९० आणि दुसऱ्याचे पराभव ६६ असतील तर मॅजिक नंबर ७. पहिल्याचा प्रत्येक विजय आणि दुसऱ्याचा प्रत्येक पराभव तो एकाने खाली आणतो. शून्य झाला की डिव्हिजन खिशात.

२०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा टीम पुढे जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांत सर्वांत चांगली कामगिरी केलेल्या टीम. वरच्या दोन विजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. बाकी चौघं तीन सामन्यांची सिरीज खेळतात आणि तिचे सगळे सामने वरच्या क्रमांकाच्या टीमच्या मैदानावर होतात. पुढची फेरी पाच सामन्यांची, मग सात, मग वर्ल्ड सिरीजचे सात. २०२५ मध्ये कब्सनी वाइल्ड कार्ड फेरीत सॅन डिएगोला रिग्लीवर, म्हणजे घरच्या मैदानावर, २-१ ने हरवलं आणि पुढे मिलवॉकीशी २-३ ने हरले. विजय बरोबरीत आले तर आता वेगळा निर्णायक सामना होत नाही, आपसातल्या सामन्यांत कोण पुढे हे आधी पाहतात. म्हणून २०२३ मध्ये कब्सनी ८४ विजय गाठले असते तरी अ‍ॅरिझोनाच त्यांच्या पुढे राहिली असती.

आणखी एक आकडा जवळ ठेवा: केलेल्या रन वजा दिलेल्या रन. हंगामभरात दर दहा रनच्या फरकाला साधारण एक विजय, असं ढोबळ गणित आहे. २०१६ मध्ये कब्सनी ८०८ रन केल्या, ५५६ दिल्या. फरक २५२, म्हणजे निम्म्या सामन्यांचे ८१ अधिक २५, साधारण १०६ विजय. प्रत्यक्षात १०३ झाले. जूनमध्ये टीमचे विजय पराभवांपेक्षा दहाने जास्त असतील पण रनचा फरक शून्याजवळ असेल, तर एकेका रनने मिळालेले विजय पुढे आटतात. हे आधी माहीत असलं की ऑगस्टमधली घसरण अचानक वाटत नाही.

बुलपेन समजल्याशिवाय मॅनेजरवर रागावू नका

चाहत्यांचा सर्वांत जास्त राग पिचर बदलण्यावर असतो, आणि बऱ्याचदा तो अर्धवट माहितीवर उभा असतो.

२६ जणांच्या रोस्टरमध्ये, म्हणजे सामन्याला उपलब्ध खेळाडूंच्या यादीत, जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. सर्वसाधारणपणे पाच स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे, आणि आठ रिलीव्हर, म्हणजे मध्येच येऊन त्यांची जागा घेणारे; या रिलीव्हरांच्या ताफ्याला बुलपेन म्हणतात. स्टार्टर दर पाच-सहा दिवसांनी एकदा ९० ते १०० पिच, म्हणजे चेंडू, टाकतो. तेवढे पिच पुरवून तो किती इनिंग काढतो यावर बाकी सगळं अवलंबून असतं. सहा इनिंग काढल्या तर तीन इनिंगसाठी तीन रिलीव्हर पुरतात. तिसऱ्याच इनिंगला ७५ पिच झाले, तर पाचव्यापासून बुलपेन उघडावं लागतं आणि त्याची किंमत पुढचे दोन दिवस मोजावी लागते.

स्टार्टर छान टाकत असताना सहाव्या इनिंगला त्याला का काढतात? कारण तीच बॅटिंग ऑर्डर त्याला तिसऱ्यांदा पाहत असते. बॅटरना त्याच्या पिचचा वेग आणि वळण ओळखीचं झालेलं असतं, हात थकलेला असतो, आणि तिसऱ्या फेरीत मार बसण्याचं प्रमाण वाढतं हे आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. मग सगळ्यात चांगला रिलीव्हर का आणला नाही? बहुतेक वेळा उत्तर कालच्या आणि परवाच्या बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात, असतं. सलग दोन दिवस टाकलेल्या रिलीव्हरला तिसऱ्या दिवशी सहसा विश्रांती देतात. आदल्या दिवशी २५-३० पिच टाकले असतील तर त्या एकाच दिवसाच्या कामानंतरही त्याला बाजूला ठेवतात.

सामना सुरू होण्याआधी हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. मागच्या तीन दिवसांत प्रत्येक रिलीव्हरने किती पिच टाकले ते कागदावर लिहा. आठपैकी चारच मोकळे असतील आणि आजचा स्टार्टर नवखा असेल, तर सातव्या इनिंगला काय होणार याचा अंदाज तुम्हाला आधीच येईल. शिवाय २०२० पासून आलेल्या पिचरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची असा नियम आहे. एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणून लगेच काढून घेण्याची चाल त्यामुळे संपली.

आठ किंवा त्याहून जास्त रनने मागे असताना एखादा इन्फिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, पिच टाकायला आला तर तो हरणं मान्य केल्याचा अपमान समजू नये. उद्याच्या सामन्यासाठी एका पिचरचा हात वाचवण्याचा तो शहाणा मार्ग आहे.

२६ चं रोस्टर, ४० ची यादी

रोज २६ खेळाडू उपलब्ध असतात, सप्टेंबरमध्ये २८. त्यामागे ४० जणांची यादी असते. त्यातल्या २६ च्या बाहेरचे बहुतेक जण मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये, असतात. कब्सची सर्वांत वरची मायनर लीग टीम डे मॉइनमध्ये, आयोवा कब्स.

एखादा रिलीव्हर तीन इनिंग टाकून दमला की दुसऱ्या दिवशी त्याला आयोवाला पाठवून ताजा पिचर बोलावतात. याला ‘ऑप्शन’ म्हणतात. पाठवलेल्या पिचरला किमान १५ दिवस खालीच राहावं लागतं, बॅटरला १० दिवस. कुणी जखमी झाला आणि त्याच्या जागी बोलावलं तरच सूट. एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही, आणि ही सोय साधारण तीन हंगामांपुरतीच असते. म्हणून एखादा चांगला तरुण पिचर खाली आणि वाईट फॉर्ममधला अनुभवी वर, असं दिसलं की आधी पाहा, अनुभवी खेळाडूचे ऑप्शन संपलेत का. संपले असतील तर त्याला खाली पाठवण्यासाठी आधी इतर टीमपुढे ठेवावं लागतं आणि तो फुकट जाऊ शकतो. ‘डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट’ ही बातमी आली की खेळाडू ४० च्या यादीतून बाहेर गेला असं समजा; मग सात दिवसांत टीमला त्याचा सौदा करावा लागतो, त्याला वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतर टीमपुढे ठेवावं लागतं, किंवा सोडावं लागतं.

जखमी खेळाडूंच्या यादीत बॅटरला किमान १० दिवस, पिचरला १५. साठ दिवसांच्या यादीत टाकलं तर ४० मधली एक जागा मोकळी होते. एखाद्याला तिथे हलवल्याची बातमी आली तर अर्थ दोन: तो लवकर येत नाही, आणि टीमला नवीन कुणासाठी तरी जागा हवी आहे.

या सगळ्यात चाहत्याला सर्वांत बोचणारा भाग सेवाकाळाचा. १७२ दिवस रोस्टरवर राहिलं की एक वर्ष धरतात आणि सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या टीमशी करार करायला मुक्त होतो. २०१५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत क्रिस ब्रायंटने नऊ होम रन मारले. तरी कब्सनी हंगामाच्या सुरुवातीला त्याला आयोवाला ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. त्या वर्षी त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने वर्ष हुकलं आणि टीमला तो आणखी एक हंगाम मिळाला. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये लवादाने निकाल कब्सच्या बाजूने दिला. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानंतर, सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळतं. नियमात बसत असलं तरी त्या वेळचं वागणं चाहत्यांशीही प्रामाणिक नव्हतं. एप्रिलमधले ते सामने तक्त्यात इतर सामन्यांइतकेच मोजले जातात.

जुलै

जुलैच्या अखेरीच्या आसपास टीम-टीममधल्या खेळाडूंच्या सौद्यांची मुदत असते. तोवर टीमने ठरवायचं: यंदा जिंकायला खेळाडू आणायचे की असलेले देऊन पुढची तयारी करायची.

२०२१ मध्ये २४ जूनला कब्सच्या चार पिचरनी मिळून लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सना एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिली नाही, आणि त्यानंतर टीम सलग ११ सामने हरली. जुलैच्या शेवटी अँथनी रिझो, हाव्हिएर बाएझ आणि ब्रायंट, २०१६ च्या विजयाचे तीन खांब, साधारण एका दिवसाच्या आत तीन वेगळ्या टीमकडे गेले. शिकागोत त्या आठवड्यात खूप लोक रडले आणि ते योग्यच होतं. पण बाएझच्या बदल्यात न्यूयॉर्क मेट्सकडून आलेल्या तरुण मुलाचं नाव होतं पीट क्रो-आर्मस्ट्राँग. २०२५ मध्ये त्याने ३१ होम रन मारले, ३५ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला. जुलैच्या सौद्याचा निवाडा त्याच ऑगस्टमध्ये करता येत नाही, चार वर्षं थांबावं लागतं.

रिग्ली फील्डवर

१९१४ साली उघडलेलं हे मैदान शिकागोच्या उत्तर भागात, मिशिगन सरोवरापासून फार दूर नाही. वारा इथे खेळ बदलतो. सरोवराकडून, म्हणजे ईशान्येकडून वारा आला की तो होम प्लेटकडे वाहतो आणि उंच मारलेले चेंडू आत पडतात. एप्रिल-मे मध्ये हे वारंवार होतं. नैऋत्येकडून उबदार वारा आला की तेच चेंडू भिंतीबाहेर. १७ मे १९७९ ला अशाच वाऱ्यात फिलाडेल्फियाने कब्सना दहा इनिंगमध्ये २३-२२ असं हरवलं. सामना पाहण्याआधी स्कोअरबोर्डवरचे झेंडे बघा. वारा आत येत असताना स्टार्टरने दोनच रन दिल्या तर त्याचं कौतुक थोडं आवरतं घ्या, आणि बाहेर जात असताना चार दिल्या तरी त्याला लगेच निकालात काढू नका.

भिंतीवरची आयव्हीची वेल १९३७ पासून आहे. चेंडू तिच्यात अडकला तर आउटफिल्डरने दोन्ही हात वर करायचे. अंपायर बॅटरला दोन बेस देतो. त्याने हात घालून चेंडू शोधायला सुरुवात केली तर मात्र खेळ चालूच राहतो आणि रनर धावत सुटतात. एप्रिलमध्ये वेलीला पानं नसतात, तेव्हा हा प्रकार कमी दिसतो.

तिकिटांचे भाव मागणीनुसार बदलतात: एप्रिल-मे मधले कामाच्या दिवशीचे सामने स्वस्त, उन्हाळ्यातले शनिवार-रविवार आणि कार्डिनल्सविरुद्धचे महाग. एप्रिलमध्ये जाड जाकीट, टोपी, हातमोजे न्यायचे. दुपारी ऊन असलं तरी सावलीतल्या सीटवर हुडहुडी भरते. खालच्या मजल्याच्या मागच्या रांगांसमोर जुने लोखंडी खांब येतात, तिकीट घेताना सीटवरून दिसणारं दृश्य तपासा. ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डच्या भिंतीमागच्या बाकांवर, ठरलेली सीट नसते, आधी येईल त्याला जागा. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या होम रनचा चेंडू हातात आला तर तो मैदानात परत फेकायची रीत आहे. लहान मूल सोबत असेल तर हे आधी सांगून ठेवा.

गाडीने जाऊ नका, पार्किंग फार थोडं आणि महाग आहे. नेपरव्हिलहून मेट्राने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, युनियन स्टेशन, तिथून पंधराएक मिनिटं चालत शहरी रेल्वेच्या रेड लाइनचं जॅक्सन स्टेशन, हॉवर्डकडे जाणारी गाडी, उतरायचं अ‍ॅडिसनला. परतीच्या शेवटच्या मेट्राची वेळ आधी बघून ठेवा. सामना संपल्यावर स्कोअरबोर्डवर झेंडा चढतो: विजयाचा पांढरा, निळ्या अक्षराचा, हारीचा निळा, पांढऱ्या अक्षराचा. जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना निकाल कळावा म्हणून ही पद्धत पडली.

भारतातून पाहताना

उन्हाळी वेळेत शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. रिग्लीवर रात्रीचे दिवे १९८८ मध्ये आले आणि आजही तिथे दुपारचे सामने बरेच होतात. दुपारी १:२० चा सामना आपल्याकडे रात्री ११:५० ला लागतो. संध्याकाळी ७:०५ चा दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३५ ला. पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सामना सकाळी ७:४० ला. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत पिच टाकायला लावणारं घड्याळ, आल्यापासून नऊ इनिंगचा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो, त्यामुळे पहाटेचा सामना पाहून ऑफिस गाठता येतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एमएलबी टीव्ही या मेजर लीगच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी भरण्याआधी ब्लॅकआउट, म्हणजे आपल्या भागात कोणत्या टीमचे सामने बंद असतात, ते तपासावं. स्थानिक टीमच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क प्रादेशिक वाहिनीकडे असतात, कब्सच्या बाबतीत २०२० पासून मार्की स्पोर्ट्स नेटवर्ककडे. आयोवामध्ये एकही मेजर लीग टीम नाही, तरी तिथल्या प्रेक्षकांना वर्षानुवर्षं सहा टीमचे सामने बंद राहिले. भारतातल्या चाहत्याला ही अडचण येत नाही. रोज पाहणं जमत नसेल तर रेडिओ समालोचन ऐका. हा खेळ कानाने फार चांगला कळतो.

स्कोअरकार्ड

हाताने स्कोअर लिहिणं हा टीम समजून घेण्याचा सर्वांत पक्का मार्ग आहे. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंडला दिला आणि तिथून फर्स्टला गेला तर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट, ६-४-३. १९०७ आणि १९०८ ला विजेत्या ठरलेल्या कब्समध्ये टिंकर, एव्हर्स आणि चान्स हे तिघं नेमके याच जागांवर होते, आणि १९४६ मध्ये तिघांनाही एकत्रच हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. स्ट्राइकआउटला ‘के’चं इंग्रजी अक्षर, बॅटर न मारता नुसता बघत राहिला तर तेच उलटं. सेंटर फील्डरने झेल घेतला तर ‘एफ ८’.

नवशिक्याची चूक ठरलेली असते: तो पिच मोजत नाही आणि पिचर बदलला तिथे खूण करत नाही. बदल झाला की बॅटरच्या चौकटीखाली आडवी रेघ ओढा आणि बाजूला जाणाऱ्या पिचरचे एकूण पिच लिहा. कोपऱ्यात वाऱ्याची दिशा लिहा. तीन दिवसांची कार्डं शेजारी ठेवली की चौथ्या दिवशी आठव्या इनिंगला बुलपेनमधून कोण येऊ शकतो आणि कोण नाही, हे फोन न उघडता कळतं.